सिकलसेल असलेल्या भावाला पहाटे तासन्‌तास ताठरता आणि भयंकर दुखणं, पुन्हा झालं तर नक्की काय करायचं?

झाडीतला_दादा

नमस्कार मंडळी. विषय अवघड आहे पण आता लाजत बसायची वेळ राहिली नाही म्हणून सरळच लिहितो. माझा लहान भाऊ, वय २३, सिकलसेल, एसएस पॅटर्न (म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला, पूर्ण आजार). आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले, गाव तालुक्यापासून बरंच आत. सिकलची दुखणी आमच्या घराला नवीन नाहीत, हाडं दुखणं, डोळे पिवळे होणं, ताप आला की ॲडमिट, रक्त चढवणं, सगळं बघत मोठे झालो. पण मागच्या गुरुवारी जे झालं ते होऊ शकते हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

पहाटे तीनच्या सुमारास त्याला जाग आली तीच लिंग ताठ होऊन दुखत होतं म्हणून. मनात तसलं काही नाही, स्वप्न नाही. त्याला वाटलं लघवी केली की उतरेल. नाही उतरलं. सात वाजेपर्यंत तो उशी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि मी बाजूच्याच खाटेवर झोपलेलो, मला पत्ता नाही. माय चहा घेऊन आली तर हा घामाघूम, दात आवळून धरलेले. मायला सांगितलं पोट दुखते. मायनं ओवा दिला, पोट शेकून दिलं. नऊ वाजता मी अंगणात गाडी पुसत होतो तेव्हा कसाबसा वाकून चालत आला आणि म्हणाला, "दादा, मले सांगाले लाज वाटत होती." तोपर्यंत सहा तास झाले होते.

गाडीवर बसताच येईना, शेजाऱ्याचा ऑटो केला, आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला पाठवलं. तिथे सुई घालून रक्त काढलं, इंजेक्शन दिलं आणि दुपारी एक वाजता उतरलं. म्हणजे दहा तास. कागदावर प्रायापिझम असं लिहिलंय. गर्दी इतकी होती की काही विचारता आलं नाही, पुढच्या सोमवारी ओपीडीला बोलावलंय. आता घरी आल्यावर त्याने सांगितलं की गेल्या दोन महिन्यांत चार-पाच वेळा असं झालं होतं, अर्धा तास, कधी तासभर, आणि आपोआप गेलं म्हणून बोलला नाही. आता तो झोपायलाच घाबरून राहिला. पुन्हा झालं तर किती वेळ थांबायचं, घरी काय करायचं, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं? आणि दहा तासांनी काही कायमचं नुकसान झालं असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

कॅज्युअल्टी_ब्रदर

दादा, तुम्ही त्याला पोटदुखीवर न ठेवता नेलंत ते फार चांगलं केलं. मी अकरा वर्षं कॅज्युअल्टीला ब्रदर आहे, असे पेशंट वर्षाला मोजकेच येतात पण जवळजवळ प्रत्येक जण उशिरा येतो आणि प्रत्येक जण खिडकीवर पोटदुखी नाहीतर लघवीचा त्रास असंच सांगतो. मग केस पेपरवर पोटदुखी लिहिलं जातं, पेशंट लायनीत बसतो, पुढे अपघाताचे, सापाचे, छातीत दुखणारे असले की याचा नंबर आणखी मागे जातो. तुम्ही तिथे गेल्या गेल्या पहिल्याच वाक्यात सांगायचं, सिकलसेल एसएस आहे, लिंग पहाटे तीनपासून ताठ आहे, उतरत नाही, खूप दुखतंय. बस. हे ऐकल्यावर समोरच्या माणसाला कळायलाच पाहिजे की हा पेशंट बसवून ठेवायचा नाही. तोंडातून शब्द फुटत नसेल तर ते डिस्चार्जचं कार्ड पुढे करा, त्यावर लिहिलेलंच आहे. त्याचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, सिकलच्या कार्डाचाही ठेवा.

सुरू कधी झालं ती वेळ फार महत्त्वाची. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि पेशंट म्हणतो सकाळपासून. सकाळ म्हणजे पाच की दहा? पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं.

किती थांबायचं, तर पुस्तकात चार तासांच्या वर गेलं की इमर्जन्सी असं आहे. पण याचा अर्थ घरी चार तास काढायचे असा नाही. तुमच्या गावातून जिल्ह्याला पोचायला दोन तास, वर केस पेपर, डॉक्टर येईपर्यंत अर्धा तास, म्हणजे चार तासांच्या आत सुई लागायची असेल तर तुम्हाला दीड तासाच्या आतच घर सोडावं लागेल. गाडी नसेल तर १०८ लावा, फुकट आहे, आणि यासाठी बोलवायला काही कमीपणा नाही. वाटेत उतरलं तर परत या, कोणी रागावत नाही.

अजून एक, रक्त काढायला युरोलॉजिस्टच पाहिजे असं नाही, जनरल सर्जन करतात. फेनिलेफ्रिन नावाचं, रक्तवाहिन्या आकसवणारं इंजेक्शन लागतं, ते कधी कधी कॅज्युअल्टीच्या कपाटात नसतं पण ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे असतं, कारण सिझेरियनला कमरेत भूल दिल्यावर बीपी पडलं की तेच वापरतात. आमच्याकडे एकदा पाऊण तास बाहेरच्या मेडिकलमध्ये शोधाशोध चालली होती आणि औषध वरच्या मजल्यावर ट्रॉलीत होतं. नातेवाइकांनी नम्रपणे एकदा विचारलं तर काही बिघडत नाही.

तेव्हाच_गेलो_असतो_तर

हे आयडी मी याच धाग्यावर लिहायला बनवलंय. मी पण एसएस, आता ३६ चा आहे, मूळ चंद्रपूर जिल्हा. जे तुमच्या भावाचं झालं तेच माझं २५ व्या वर्षी झालं, फरक एवढाच की मला अंगणात भेटायला दादा नव्हता.

पुण्याजवळ कंपनीत होतो, चार पोरं एका खोलीत. शनिवारी रात्री सुरू झालं. खोलीत सगळे, पांघरूण ओढून पडलो. रविवारी सकाळी पोरं क्रिकेटला गेली तेव्हा थंड पाणी टाकलं, बर्फाचा गोळा फडक्यात बांधून धरला, त्याने तर आणखी कळा आल्या. (सिकलवाल्यांनी बर्फ लावूच नये हे मला खूप नंतर कळलं, थंडीने आपल्या पेशी जास्त अडकतात.) दुपारी मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणली, त्याला कंबरदुखी सांगितली. संध्याकाळी एका छोट्या हॉस्पिटलात गेलो तर तिथला ड्युटीवरचा माणूस हसला आणि म्हणाला लग्न करून टाक. त्या एका वाक्याने मी परत खोलीवर आलो. सोमवारी सकाळी उभं राहता येईना तेव्हा सुपरवायझरने स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. तोपर्यंत तीस तासांच्या वर झाले होते. सुईने काही झालं नाही, रात्री ऑपरेशन केलं, रक्ताला दुसरी वाट काढून दिली. दुखणं गेलं. पण त्यानंतर आजपर्यंत नैसर्गिक ताठरता आलेली नाही.

लग्न झालंय माझं, बायकोला आधी सगळं सांगून केलं, तिने हो म्हटलं, तो आमचा दोघांचा विषय आहे. आता डॉक्टर आत बसवायच्या इम्प्लांटबद्दल सांगतात, पैसे जमवतोय. माझं रडगाणं ऐकवायला लिहीत नाहीये. आमच्या गावात सिकलची शिबिरं झाली, २०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं सरकारी मिशन चालू झालं तेव्हापासून तर शून्य ते चाळीस वयाच्या सगळ्यांची तपासणी करतात, कार्ड देतात, लग्नाआधी दोघांचे पॅटर्न बघा म्हणतात. फार चांगलं काम आहे. पण मी गेलो त्या एकाही शिबिरात पोरांना बाजूला घेऊन कोणी सांगितलं नाही की बाबांनो हाही सिकलचाच त्रास आहे, रात्री झाला तर घरच्यांना उठवा. दोन मिनिटांचं काम आहे ते. मला कोणी सांगितलं असतं तर मी शनिवारी रात्रीच निघालो असतो.

तुमच्या भावाला माझ्याकडून सांगा, तू सहा तासांनी बोललास ते फार मोठं काम केलंस.

युरो_रेसिडेंट_नागपूर

वरच्या भाऊंनी जे लिहिलंय त्याला खरंच सलाम. मी युरोलॉजी शिकतोय, ड्युटी संपवून लिहितोय म्हणून विस्कळीत वाटलं तर समजून घ्या. पेशंट न बघता मी भावाबद्दल निश्चित काही सांगू शकत नाही पण आत काय घडतं ते सांगतो म्हणजे घाई का ते कळेल.

लिंगात दोन लांब स्पंजसारख्या नळ्या असतात. ताठरतेच्या वेळी रक्त आत भरतं आणि बाहेर जायच्या शिरा दाबल्या जातात, नंतर त्या मोकळ्या होतात आणि उतरतं. प्रायापिझममध्ये रक्त आत जातं पण बाहेर निघतच नाही. कोंडलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, आम्ल वाढतं, आणि सिकलच्या पेशींना नेमकं हेच सोसत नाही, ऑक्सिजन कमी झाला की त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, वाकड्या झाल्या की आणखी अडकतात, अडकल्या की ऑक्सिजन आणखी कमी. म्हणून ते आपोआप सुटायची वाट बघण्यात अर्थ नाही. चार तासांच्या पुढे त्या स्पंजच्या स्नायूंना इजा व्हायला लागते, आणि जवळपास दीड दिवस गेला तर तो भाग मरून तिथे घट्ट व्रण तयार होतो, मग पुन्हा ताठरता यायची आशा फारच कमी उरते. दहा तास म्हणजे वेळ गेलेला आहे पण हातातून गेलेला नाही. सुरुवातीचे काही आठवडे सूज, निळसरपणा, ताठरता नीट न येणं हे दिसू शकतं, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, सोमवारी हे न लाजता विचारा.

ओळखायची एक खूण, दांडा लाकडासारखा कडक आणि शेंडा मात्र मऊ असतो, आणि दुखतं. आम्ही मुळाशी भूल देऊन बाजूने सुई घालतो, तेव्हा पहिलं जे रक्त येतं ते काळंकुट्ट असतं, पिकलेल्या जांभळाच्या रसासारखं. त्याची गॅस तपासणी केली की ऑक्सिजन ३० च्या खाली आणि पीएच ७.२५ च्या खाली येतो. मग काढत राहायचं आणि फेनिलेफ्रिन अगदी पातळ करून दर तीन ते पाच मिनिटांनी थोडं थोडं द्यायचं, बीपी आणि नाडी बघत बघत, साधारण तासभर. सिरिंजमधलं रक्त काळ्याचं लाल व्हायला लागलं की आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तासाभरात नाही जमलं तर शंट, म्हणजे वर भाऊंनी लिहिलं ते ऑपरेशन. सिकलवाल्याला सोबत सलाईन, दुखण्याचं औषध, गरज असेल तर ऑक्सिजन देतात. रक्त बदलायचं की नाही हा विचार बाजूने होऊ दे, त्यासाठी सुई थांबवायची नाही. आधी रक्त चढवून बघू, उद्या सर्जनला दाखवू असं कोणी म्हटलं तर विनंती करा की सर्जनना आत्ताच बोलवा.

दोन महिन्यांत चार-पाच वेळा झालं ते आम्ही अडखळत येणारा प्रायापिझम म्हणतो, बहुतेक रात्री किंवा पहाटेच येतो, आणि मोठा झटका येण्याआधीची ती सूचना असू शकते. सोमवारी हे आवर्जून सांगा. हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलची रोजची कॅप्सूल, चालू आहे का, रोज घेतो का तेही सांगा, कारण कॅप्सूल चुकवण्याचं प्रमाण खूप आहे. वारंवार येत असेल तर रोखण्यासाठी वेगळ्या गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांनीच बघून द्यायच्या.

घरी एवढंच करायचं. उठायचं, लघवी करून यायचं, दोन-तीन ग्लास पाणी, अंगणात किंवा जिन्यावर चालायचं, कोमट पाण्याने आंघोळ केली तरी चालेल, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी. बर्फ नाही, दारू नाही, हाताने किंवा संबंधाने उतरवायचा प्रयत्न अजिबात नाही. झोपताना दारू, दिवसभर उन्हात पाण्याशिवाय काम, ताप, यांनीही झटके वाढतात.

झोपेची_गोळी

सिकल नसलेल्यांनी हे वाचून पुढे जाऊ नये म्हणून लिहितोय. मला सिकल नाही. वय ४४. झोप येत नव्हती म्हणून ट्रॅझोडोन चालू होती, तिसऱ्याच आठवड्यात पहाटे हेच. मी अभिमानाची गोष्ट समजून बायकोला गंमत म्हणून सांगितलं, तासाभरात गंमत संपली. तिनेच गोळीच्या पाकिटातला कागद काढून वाचला आणि मला गाडीत बसवलं. साडेतीन तासांत पोचलो, एका सुईत काम झालं, आज पूर्ण ठीक आहे. मानसोपचाराच्या इतर काही गोळ्यांनीही होतं असं डॉक्टर म्हणाले. मनाने गोळ्या बंद करू नका, पण झालं तर तेही सांगा.

युरो_रेसिडेंट_नागपूर

अगदी बरोबर. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोरप्रोमाझिन यांच्यानेही होऊ शकतं. आणि आम्ही सगळ्यात जास्त हळहळतो ते लिंगात दिलेल्या इंजेक्शनच्या केसेसना. शक्ती वाढवून देतो म्हणून कुणीतरी पापाव्हेरीन टोचतो आणि उतरेल उद्यापर्यंत म्हणून घरी पाठवतो. उद्यापर्यंत थांबू नका. कोणतंच कारण सापडत नसेल तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करतातच, कारण कधी कधी रक्ताचा कॅन्सर असाच पहिल्यांदा कळतो, पांढऱ्या पेशी लाखांत असतात.

सायकलच्या दांड्यावर पडून किंवा मार लागून जे होतं ते वेगळं, ते फारसं दुखत नाही, अर्धवटच ताठ असतं. त्यात एवढी घाई नसते पण दाखवायचं तेही त्याच दिवशी, कारण कुठला प्रकार ते घरी ठरवायचं नसतं.

रायगडची_सिस्टर

निवृत्त आहे, महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्य गेलं. विषय निघालाच आहे म्हणून. कोकणात लाल विंचू चावला की पुरुषांना, अगदी लहान पोरांनाही, हे होतं. सोबत दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. आईबाप लाजून चड्डी काढू देत नसत, आम्ही मात्र आधी तेच बघायचो, कारण विष अंगात भिनल्याची ती खूण. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात विंचूदंशाच्या धोक्याच्या खुणांवर लिहिलं आणि पुढे प्राझोसिनची गोळी आणली, त्याआधी पोरं डोळ्यांदेखत जायची. त्यात लिंगाला सुई लावायची नसते, विंचवाचा उपचार झाला की ते आपोआप उतरतं. पण वेळ तिथेही तेवढीच मोलाची. रात्री शेतात, लाकडात हात घातला आणि असं झालं तर विंचवाचंही सांगा डॉक्टरांना.

एका_पोराची_आई

माझा मुलगा एसएस आहे, वयात येतोय. हे सगळं वाचून रात्रभर झोप नाही. त्याचे बाबा नाहीत. मी बाई माणूस, कसं सांगू त्याला?

तेव्हाच_गेलो_असतो_तर

ताई, तुम्ही त्याला हाडं दुखली की काय करायचं ते सांगितलंच असेल ना, त्याच आवाजात सांगा. म्हणायचं, सिकलमध्ये रक्त कुठेही अडकतं, हातात, पायात, तसंच लघवीच्या जागीही अडकू शकतं, ताठ होऊन दुखायला लागलं आणि जात नसलं तर मला उठव, कितीही वाजलेले असोत, मी रागावणार नाही आणि हसणार नाही. हे शेवटचं नक्की म्हणा. मामा किंवा सिकलचे समुपदेशक असतील तर त्यांच्याकडूनही एकदा सांगवा, पण तुम्ही सांगितलंत ते त्याच्या जास्त लक्षात राहील. माझी आई असती तर मी तिलाही सांगितलं नसतं, कारण असं काही सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

झाडीतला_दादा

सगळ्यांचे खूप आभार. भावाला पूर्ण धागा वाचून दाखवला, चंद्रपूरच्या भाऊंचं आलं तेव्हा त्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दोनदा वाचलं.

काल रात्री पुन्हा झालं. दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं मला हलवून उठवलं. मी खडूनं दाराच्या मागं वेळ लिहिली. लघवी करून आला, तांब्याभर पाणी प्याला आणि आम्ही दोघं अंगणात चकरा मारत राहिलो. माय पण उठून ओट्यावर येऊन बसली, तिला आता माहीत आहे, काही बोलली नाही, फक्त चुलीवर पाणी तापवायला ठेवलं. ऑटोवाल्याला फोन करून ठेवला होता की साडेतीनला निघू. दोन पन्नासला उतरलं. ऑटोवाल्याला आता येऊ नको म्हणून सांगितलं तर म्हणाला, मी कपडे घालून बसलोच होतो.

सोमवारच्या ओपीडीसाठी दारावरच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल मोजल्या तर पट्टीत नऊ जास्त निघाल्या, म्हणजे तो चुकवत होता. ते पण सांगतो डॉक्टरांना.